खिशातले हात

दिवसभर राबणारा आणि तरीही हात खिशातून बाहेर न काढणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणत असू. तसे शाळेत सगळेच सर होते, मीही होतो. पण कुणी "सर आले का?" असं विचारलं की ते त्यांच्याबद्दलच असायचं.

शाळा केजला होती, तहसीलच्या मागच्या अंगाला, एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात. पाटीवर 'मतिमंद मुलांची निवासी शाळा' असं लिहिलेलं होतं. आता तो शब्द कुणी वापरत नाही, आणि ते बरंच झालं. तेव्हा तो पाटीवर होता, शिक्क्यावर होता आणि आमच्या तोंडातही होता. मी तिथं अधीक्षक होतो. वसतिगृहातल्या मुलांचं जेवणखाण, औषधं, हजेरी हे माझं काम. सर निदेशक होते, म्हणजे मोठ्या मुलांना काहीतरी धंदा शिकवणारे. अठरा पूर्ण झाली की मुलाला शाळेत ठेवता येत नसे. त्याआधी दोन वर्षं त्याला मेणबत्त्या, खडू, कागदी पाकिटं करायला शिकवायचं आणि घरी पाठवायचं, असं कागदावर ठरलेलं होतं.

सरांनी मेणबत्त्यांचे साचे कपाटात बंद करून ठेवले होते आणि किल्ली हरवली म्हणून सांगत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मेनबत्ती करून काय करंल ते? घरच्या अंधारात जाऊन बसंल."

त्यांचा वेष बारा महिने एकच. सैल सदरा आणि पायजमा. पायजम्याला दोन्ही बाजूंनी खिसे, ते थेट गुडघ्यापर्यंत खोल. बाजारातला शिंपी त्यावरून त्यांची चेष्टा करायचा. "सर, एवढ्या खिशात काय भरता तुमी?" सर म्हणायचे, "हात." आणि खरंच, त्यांच्या खिशात दुसरं काहीही नसायचं. रुमाल खांद्यावर, पैसे सदऱ्याच्या आतल्या कप्प्यात, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत पायजम्यात. असे ते वर्गात उभे राहत आणि समोर एखादा सतरा वर्षांचा मुलगा शर्टाच्या बटणाशी झटत असे.

ते बटण कधीच लावून देत नसत. कुणालाच. आमची प्रार्थना सातला असायची, पण सरांच्या वर्गातली मुलं बटणं लावून होईस्तोवर आठ वाजायचे. कुणाचं वरचं बटण खालच्या काजात, कुणाचा शर्टच उलटा. मला घाई असे, कारण नाश्ता गार व्हायचा आणि स्वयंपाकाच्या बाई माझ्यावर करवादायच्या. मी हळूच पुढं होऊन एखाद्याचं बटण लावायला गेलो की मागून आवाज यायचा, "हात खिशात घाल बे."

मी त्यांच्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान. माझ्या पँटचे खिसे नव्या पद्धतीचे, उथळ. हात त्यात धड मावायचे नाहीत. सरांना त्याचंही हसू यायचं. "तुझ्या शिंप्याला मास्तरकी कळत न्हाई," म्हणायचे.

भेटीच्या रविवारी मुलांच्या आया यायच्या. ऊसतोडीहून परत आलेल्या, सहा महिन्यांनी लेकराला बघणाऱ्या. लेकरू ताटातला भात शर्टावर सांडतंय आणि हा माणूस खिशात हात घालून नुसता बघतोय, हे त्यांना सहन होत नसे. एक बाई त्यांना तोंडावर कसाई म्हणाली. सरांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "माय, तू हाईस तवर तू भरवशील. तुझ्या माघारी कोन भरवंल त्याचं नाव सांग. मी आत्ता त्याला बोलावून घेतो." बाई रडत निघून गेली. मला तेव्हा सरांचा राग आला होता. एवढं खरं बोलायची काही गरज नव्हती असं वाटलं, आणि आजही थोडंसं वाटतं. ते तसे गोड माणूस नव्हतेच. दुसऱ्याचं वर्तमानपत्र आधी वाचायचे, चुळा भरताना सगळं आवार दणाणून सोडायचे आणि आपली चूक झाली असं कधी कबूल करायचे नाहीत.

लोक म्हणायचे, यांच्या घरी असं एखादं लेकरू असणार. तसं काही नव्हतं. त्यांनी चित्रकला शिक्षकाच्या जागेसाठी अर्ज केला होता, ती जागा भरली, आणि ही रिकामी होती म्हणून इथं आले. मी एकदा विचारलं, "सर, कावून करता तुम्ही एवढं?" त्यांना प्रश्नच कळला नाही. "काम हाय न्हवं," म्हणाले.

त्यांचा 'न्हाई'चा तास मला अजून दिसतो. आठवड्यातून दोनदा, जेवणानंतर. मुलं भिंतीला टेकून बसायची आणि सर एकेकासमोर उभे राहून विचारायचे. "पेपरमिंट देतो, चल माझ्यासंगं." मुलानं म्हणायचं, "न्हाई." "तुझ्या बापानं बोलावलंय, गाडीत बस." "न्हाई." "कपडे काढ." "न्हाई." दबक्या आवाजात म्हणून चालत नसे. सर म्हणायचे, "मला ऐकू येत न्हाई, मी बहिरा हाय," आणि मूल छाती फुगवून ओरडेपर्यंत पुढं सरकत नसत.

त्या तासाचा सगळ्यात पक्का विद्यार्थी म्हणजे मन्मथ. एका सव्वीस जानेवारीला संस्थेचे अध्यक्ष आले. झेंडावंदन झालं, अध्यक्षांनी मन्मथला जवळ बोलावलं आणि पेढा पुढं केला. मन्मथ म्हणाला, "न्हाई." अध्यक्ष हसले. फोटोग्राफर थांबला होता. "बरं बाळा, माझ्याजवळ उभा राहा, फोटो काढू." "न्हाई." "अरे, मी अध्यक्ष आहे." "न्हाई." लोक हसायला लागले. सर मागे उभे होते, हात खिशात, चेहरा असा की पोराला पदक मिळालंय. नंतर ऑफिसात अध्यक्षांनी त्यांना फैलावर घेतलं. सर म्हणाले, "सायेब, ह्या लेकरांना सगळी दुनिया 'हो'च शिकवती. उठ म्हनलं की उठायचं, चल म्हनलं की चालायचं. एक शब्द तरी त्यांच्या मालकीचा असू द्या."

आता मला मन्मथबद्दल सांगायला हवं, आणि मग माझ्याबद्दल. इतका वेळ मी तेच टाळत होतो.

मन्मथ केजच्याच एका वाण्याच्या घरातला. वडील वारलेले, दुकान थोरला भाऊ बघायचा, त्याला सगळे अण्णा म्हणत. घर लिंगायतांचं. मन्मथच्या कपाळावर सकाळी भस्माचे पट्टे आणि गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. दणकट शरीर, मोठे तळहात, बोलणं मोजकं. शाळेत येण्याआधी तो दुकानाच्या मागच्या खोलीत असायचा. तिथं साखरेची पोती, तेलाचे डबे आणि मन्मथ. गिऱ्हाईक असताना त्यानं पुढं येऊ नये म्हणून खोलीला बाहेरून कडी असे. अण्णा वाईट माणूस नव्हता. वेळच्या वेळी ताट द्यायचा. दुकानात तेव्हा शाम्पूच्या, वॉशिंग पावडरच्या पुड्यांच्या माळा नव्यानं लटकू लागल्या होत्या. मन्मथ पुढं आला की त्या एकेक फोडून बघायचा, एवढंच कारण.

मन्मथला अठरा पूर्ण होत आली आणि सर त्याच्या मामाकडे गेले. मामाचं कपिलधारला, देवस्थानाच्या वाटेवर, दुकान होतं. नारळ, बेल, भस्म, उदबत्त्या. श्रावणात आणि यात्रेत तिथं माणूस कमी पडायचा. दुकानाच्या मागं एक लहान खोली रिकामी होती. नारळ सोलायला, पाणी भरायला, पुढं बसायला मन्मथ चालेल असं सरांनी मामाला पटवलं. त्या दिवशी मीही बरोबर गेलो होतो. मन्मथ त्या खोलीत शिरला आणि त्याला दिसलं की कडी आतून आहे. त्यानं ती लावली. आम्ही बाहेर. त्यानं ती काढली, आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा लावली. असं बराच वेळ चाललं. सर बाहेर पायरीवर बसून राहिले. "खेळू दे," म्हणाले. "जन्मात पैल्यांदा गावलीय."

मामानं एकच अट घातली. "सर, मला आनायला-सोडायला येळ न्हाई. एकटा केजला जाऊन-येऊन ऱ्हाईला तर माजं पोरगंच समजंन. न्हाईतर आपली माफी."

म्हणून प्रवासाचा अभ्यास सुरू झाला. केजला बीडच्या एसटीत बसायचं. कंडक्टरला "मांजरसुंबा" एवढाच शब्द सांगायचा. नेकनूर गेलं की उठून दाराशी यायचं. मांजरसुंब्याला उतरून कपिलधारची जीप विचारायची. सर म्हणायचे, "सगळं सोपं हाय, अडचन मांजरसुंब्याची. त्याला चार तोंडं." बीडकडं, पाटोद्याकडं, केजकडं आणि खाली चौसाळ्याकडं. चारी रस्त्यांच्या जीपवाले एकाच वेळी ओरडत असतात आणि धाब्यांपुढं ट्रक उभे असतात. चांगला शहाणा माणूस तिथं क्षणभर गोंधळतो.

आधी किती सोमवार सर त्याच्याबरोबर उघडपणे गेले, ते मला आठवत नाही. मग त्यांनी तीन परीक्षा ठेवल्या. परीक्षेत मन्मथ एकटा. सर त्याच गाडीत, पण शेवटच्या बाकावर, तोंडाला उपरणं गुंडाळून. पहिल्या दोन परीक्षांत मन्मथ पास झाला. दुसऱ्या वेळी त्यानं जीपवाल्याला दोनदा विचारून खात्री केली, हे सरांनी मला तीन वेळा सांगितलं.

तिसऱ्या परीक्षेच्या आठवड्यात सरांना टायफॉईड झाला. मी भेटायला गेलो तर खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, "तू जा. मांजरसुंब्याला आधीच जाऊन धाब्यावर बस. बघायचं, हात लावायचा न्हाई."

"आणि चुकला तर?"

"चुकू दे. चुकीच्या जीपमदी बसला तर तू त्याच्या मागं जाऊन बस, तोंड झाकून. जिथं उतरंल तिथं उतर. घाबरंल, रडंल, मग कुनालातरी विचारंल. चौसाळ्याहून परत येयाला शिकला तर मांजरसुंब्याची भीतीच जाईल. दिवस मोडंल तुझा. मोडू दे."

मी हो म्हणालो.

त्या सोमवारी मी धाब्यावर बसलो होतो. एसटी आली. मन्मथ उतरला, बरोबर जागी. उजव्या हातात पिशवी, डाव्या मुठीत तिकीट. तो थोडा वेळ उभा राहिला आणि सरळ चौसाळ्याच्या जीपकडे गेला. ड्रायव्हरच्या शेजारची जागा रिकामी होती, आणि त्याला पुढं बसायला फार आवडायचं. चढून बसला. जीप भरायला अजून चार माणसं हवी होती.

मला काय करायचं होतं ते स्वच्छ ठाऊक होतं. उठायचं, तोंडाला रुमाल बांधायचा आणि मागच्या फळीवर जाऊन बसायचं.

पुढं जे झालं ते मी दयेपोटी केलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. त्या दिवशी आमच्या घरी केबलवाला येणार होता. गल्लीत पहिला रंगीत टीव्ही आमचा होता, हप्त्यावर घेतलेला. दुपारी जोडणी व्हायची होती आणि मी घरी असलो पाहिजे असं बायकोनं बजावलं होतं. चौसाळ्याला जाऊन मन्मथच्या चुकीमागं हिंडायला लागलो तर संध्याकाळ होणार होती. मला घरी जायचं होतं. एवढंच.

मी जीपपाशी गेलो, मन्मथचं मनगट धरलं आणि त्याला खाली उतरवलं. तो घाबरला नाही, मला बघून खुलला. पंक्चरच्या दुकानासमोर एक कडुलिंब आहे, तिथं त्याला नेऊन उभा केला. कपिलधारची जीप कुठं लागलीय ते मला शोधायचं होतं. मी त्याला दटावून म्हणालो, "इथंच उभा राहा. मी येईस्तोवर हलायचं नाही. कुणी काहीही म्हणू दे." तो लिंबाला पाठ लावून उभा राहिला. पाच मिनिटांत मी आलो, मनगट धरून त्याला जीपमध्ये बसवलं, जीपवाल्याला कुठं उतरवायचं ते सांगितलं. दोनच्या आत मी घरी होतो.

संध्याकाळी सरांकडे गेलो. म्हणालो, "एकटाच गेला. कुठंही अडला नाही." सरांनी तापानं सुकलेल्या तोंडानं विचारलं, "हात खिशात हुते न्हवं तुझे?" मी म्हणालो, "होते की." सर भिंतीकडे तोंड करून झोपले. मला वाटतं, ते रडत होते.

मन्मथ कपिलधारला राहायला गेला. दीड-दोन महिने सगळं नीट चाललं. मामा कौतुकानं सांगायचा की सकाळी आतून कडी काढून स्वतःच बाहेर येतो, अंघोळ करतो, दुकान झाडतो. शिकवलेलं घोकवून घ्यायला केजचे फेरे व्हायला हवे होते, पण श्रावणातली गर्दी, त्याला पाठवायला मामाला सवड झाली नाही. पोळ्याला मामा त्याला आपल्याबरोबर घेऊन केजला आला आणि त्याच दिवशी परत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या गाडीत अण्णानं मन्मथला बसवून दिलं. आता तो एकटा जातो, असं सगळ्यांना माहीत होतं. मीच सांगितलं होतं.

मन्मथ मांजरसुंब्याला उतरला आणि त्या लिंबाला पाठ लावून उभा राहिला.

दुपार झाली तरी तिथंच. पंक्चरवाल्यानं विचारलं, "कुटं जायचंय रे?" तो म्हणाला, "न्हाई." पाण्याचा गिलास पुढं केला, "न्हाई." कपिलधारचा एक जीपवाला त्याला ओळखत होता. "चल की पैलवान, मामा वाट बघतोय." "न्हाई." मग पाऊस आला. धाबेवाल्यानं आत बोलावलं, "न्हाई." तो भिजत उभा राहिला. दिवस कलला तेव्हा मामा लुनावर शोधत आला. मन्मथ त्यालाही म्हणाला, "न्हाई." मामानं ओढलं तर लिंबाला मिठी मारली. लोक गोळा झाले. एवढा मोठा गडी रडून 'न्हाई न्हाई' म्हणतोय आणि एक माणूस त्याला ओढतोय, हे बघून कुणीतरी मामाच्या थोबाडीत मारली. शेवटी ओळखीचा जीपवाला मध्ये पडला आणि चौघांनी मिळून मन्मथला उचलून जीपमध्ये घातलं. मामानं त्याला कपिलधारला नेलंच नाही. सरळ केजला अण्णाच्या दारात आणून सोडलं. "माज्याच्यानं हुनार न्हाई," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अण्णा त्याला घेऊन शाळेत आला. ऑफिसात सर होते, मी होतो. अण्णानं सगळं सांगितलं, जितकं त्याला मामाकडून कळलं होतं तितकं. "काय शिकवलं तुमी त्याला सर? दिवसभर झाडासारखा उभा."

सर मन्मथपुढं जाऊन बसले. "कुनाची वाट बघत हुतास रे?"

मन्मथनं ऑफिसात नजर फिरवली. मी कपाटाच्या आडोशाला होतो. मी दिसलो तसा त्याचा चेहरा उजळला. तो उठला, माझ्याकडे आला आणि मनगट पुढं केलं. मी धरत नाही म्हटल्यावर त्यानंच माझा हात उचलून आपल्या मनगटावर ठेवला. आणि सुस्कारा सोडला. कालपासून ज्याची वाट बघत होता तो माणूस आला होता.

सर त्या दोन हातांकडे बघत राहिले.

"कवा काढलास हात?" त्यांनी मला विचारलं.

"नाही काढला, सर," मी म्हणालो. मन्मथचं मनगट माझ्या मुठीत होतं आणि मी असं म्हणालो.

सर म्हणाले, "बरं."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझी तक्रार केली नाही, कुणाला काही सांगितलं नाही. अण्णाला म्हणाले, "माजी चूक झाली. मला दर सोमवारी पोरगं द्या." चूक कबूल करताना मी त्यांना पाहिलं ते तेवढंच, आणि ती चूक त्यांची नव्हती.

अण्णा गेल्यावर सर मला म्हणाले, "आता त्याला तुझं न येनं शिकवायचंय. ते मला करता येयाचं न्हाई. तुलाच उभं ऱ्हावं लागंल."

पुढच्या सोमवारी मी त्या लिंबाखाली उभा होतो, तोंड उघडं. सर मागं धाब्यावर. मन्मथ उतरला, मला बघितलं, हसत आला आणि मनगट पुढं केलं. मी पंक्चरवाल्याच्या टायरांकडे बघत राहिलो. "सर," तो म्हणाला. मी ओळख दिली नाही. त्यानं माझी बाही ओढली, मग कोपर. माझे हात त्या उथळ खिशांत, बोटं मांडीत रुतलेली. तो माझ्या शेजारी दोन तास उभा राहिला. मग सर उठून आले आणि आम्ही तिघं परतीच्या गाडीत तीन वेगवेगळ्या बाकांवर बसलो.

असे किती सोमवार गेले मी मोजले नाहीत. एकदा तो रडला. एकदा त्यानं पिशवीतला लाडू काढून माझ्या तोंडापुढं धरला, बहुतेक मी रागावलोय असं वाटून. पंक्चरवाला मला म्हणाला, "सायेब, मानूस हाय का कोन तुमी? लेकरू एवढं हात धरतंय." मी त्यालाही उत्तर दिलं नाही. घरी येऊन टीव्हीपुढं बसायचो. पडद्यावर काय चाललंय ते समजत नसे.

दिवाळीनंतरच्या एका सोमवारी मन्मथ उतरला. लिंबापाशी आला. माझ्याकडे बघितलं, मनगट थोडं उचललं आणि तसंच खाली सोडलं. मग जीपांकडे वळला. पहिल्याला विचारलं, "कपिलधार?" त्यानं मान हलवली. दुसऱ्याला विचारलं. तिसऱ्याला. तिसरा म्हणाला, "बस." मन्मथ पुढच्या जागेवर बसला आणि जीप गेली. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

सर धाब्यावरून उठून आले. आम्ही दोघं रस्त्याकडे बघत उभे होतो. मी म्हणालो, "मामाशी बोलू आता."

"बोललोय," सर म्हणाले. "त्या खोलीत मामीच्या भाच्यानं एसटीडीचा फोन टाकलाय. काचंचं दार बसवलंय. लई चालतो म्हने."

म्हणजे रस्ता आला, आणि जायचं ठिकाण गेलं. त्यानंतर सरांनी आणखी दोन-तीन ठिकाणी विचारून पाहिलं. मांजरसुंब्याच्या धाब्यावरही विचारलं. पण दिवसभर झाडाला धरून उभा राहिलेला तो हाच, हे तिथं सगळ्यांनी पाहिलेलं होतं. मन्मथ अठराचा होऊन गेला होता. तो घरी गेला. सोमवारी एकटा कपिलधारला जायचा, दर्शन घ्यायचा, मामाच्या पायरीवर बसायचा, संध्याकाळच्या आत परत. हे त्याचं कुणी काढून घेऊ शकलं नाही. बाकीचे सहा दिवस पोती आणि तेलाचे डबे. ते सहा दिवस माझे आहेत.

सर निवृत्त झाले आणि वर्षभरात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. मी लगेच भेटायला गेलो नाही. जाईन जाईन म्हणत बरेच दिवस घालवले. गेलो तो सोमवार होता, दुपार कलली होती, आणि त्या दिवशी मी सगळं सांगायचं ठरवून गेलो होतो.

मन्मथ आधीच तिथं होता. कपिलधारहून परतताना तो दर सोमवारी सरांकडे खोबऱ्याचा तुकडा आणि भस्माची पुडी आणून द्यायचा, असं त्यांच्या सूनबाईंनी सांगितलं. तो खाटेसमोरच्या स्टुलावर बसला होता. आता तिशीकडे झुकलेला. अंगात सदरा आणि पायजमा, पायजम्याला गुडघ्यापर्यंत खिसे, दोन्ही हात त्यात. त्याच शिंप्याकडून शिवून घेतले होते.

सूनबाईंनी सरांपुढं चहा ठेवला आणि आत निघून गेल्या. जाताना मला हळूच म्हणाल्या, "कुनी पाजलेलं चालत न्हाई त्यांना."

मी म्हणालो, "सर, त्या दिवशी मांजरसुंब्याला..."

"थांब," सर म्हणाले. जीभ जड झाली होती. "च्या."

त्यांनी डावा हात कपाकडे नेला. कान सापडेना. सापडला, पण कप उचलला तसा तो तिरका झाला आणि चहा बशीत, चादरीवर सांडू लागला. मी न कळत पुढं झुकलो आणि हात लांब केला.

"न्हाई," मन्मथ म्हणाला.

तो ओरडला नव्हता. पंक्चरवाल्याला म्हणाला असेल तसा साधा आवाज. माझा हात तसाच हवेत राहिला. मग मी तो मागं घेतला आणि दोन्ही हात खिशात घातले, जेवढे गेले तेवढे. आम्ही दोघं बघत राहिलो. कप तोंडापर्यंत जायला फार वेळ लागला. अर्धा चहा गेला असेल, अर्धा पोटात पडला. सरांनी कप परत बशीत ठेवला, तोही वाकडाच. डाव्या हातानं मिशा पुसल्या.

"आता बोल," ते म्हणाले.

मी बोललो. लिंब, मनगट, मी येईस्तोवर हलू नको, केबलवाला, सगळं. सर डोळे मिटून ऐकत होते.

"मला म्हाईत हाय," ते म्हणाले. "मला कावून सांगतो? त्याला सांग."

मन्मथ तेवढ्यात उठला होता. उंबऱ्याबाहेर बसून सँडलचे पट्टे लावत होता. त्याची बोटं जाड, बकल बारीक. मी त्याच्याजवळ उभा राहिलो, हात खिशात. दोन्ही पट्टे लागून होईपर्यंत थांबलो. मग सांगितलं. जितक्या सोप्या शब्दांत सांगता येईल तितक्या. त्यानं सगळं ऐकून घेतलं, कंडक्टरपुढं हलवतो तशी मान हलवली, पिशवी उचलली आणि घराकडे निघाला.

सातला अण्णा दुकान बंद करतो. मागच्या खोलीची कडी अजून बाहेरूनच आहे.